शस्त्रक्रियेत निष्णात, पण बोलण्यात कठोर: डॉक्टरांसाठी कोचिंगचा उपयोग होतो का?

मेघमल्हार (धागाकर्ता)

नमस्कार. मी एका मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागाचा प्रमुख आहे. एका प्रश्नाने गेले काही आठवडे माझी झोप उडवली आहे. विभागात तो कोणाशी मोकळेपणाने बोलता येण्यासारखा नाही, म्हणून इथे मांडतो आहे.

आमच्याकडे एक वरिष्ठ सर्जन आहेत. त्यांचा हात अतिशय चांगला आहे. माझ्या घरातल्या माणसावर शस्त्रक्रियेची वेळ आली तर मी डोळे मिटून त्यांच्याकडेच जाईन. पण गेल्या वर्षभरात त्यांच्या बोलण्याबद्दल नातेवाइकांच्या तीन लेखी तक्रारी आल्या, दोन रेसिडेंटनी (प्रशिक्षण घेणाऱ्या कनिष्ठ डॉक्टरांनी) कारण न सांगता दुसऱ्या युनिटमध्ये बदली मागितली, आणि रात्रपाळीच्या परिचारिका त्यांना फोन करायचे टाळतात हे मला हळूहळू कळू लागले. विषय काढला की ते एवढेच म्हणतात, "माझे रुग्ण बरे होऊन घरी जातात. आणखी काय पाहिजे?"

व्यवस्थापनाने त्यांच्यासाठी बाहेरचा कोच नेमावा असे सुचवले आहे. संवाद, व्यावसायिक वर्तन आणि टीमचे नेतृत्व यांवर सहा महिने काम होईल, असे प्रस्तावात लिहिले आहे. पन्नाशी ओलांडलेल्या, आपल्या कामात यशस्वी असलेल्या डॉक्टरची बोलण्याची पद्धत खरोखर बदलते का? त्यांना ही शिक्षा वाटू नये म्हणून विषय कसा काढावा? ज्यांनी हे जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया लिहावे.

रात्रपाळी

परिचारिका फोन करायचे टाळतात, हे तुमचे वाक्य वाचून थांबले. मी अतिदक्षता विभागात एकोणीस वर्षे काम करते आहे आणि ते टाळणे आतून कसे असते, हे सांगावेसे वाटते.

रात्रीचे पावणेतीन वाजले होते. पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाची नाडी तासाभरात ९२ वरून ११८ वर गेली होती, लघवी कमी झाली होती, पण रक्तदाब अजून टिकून होता. काहीतरी बिघडते आहे हे मला दिसत होते, मात्र बोट ठेवून दाखवता येईल असा एक आकडा हाताशी नव्हता. आदल्याच आठवड्यात त्याच सर्जननी माझ्या सहकारी सिस्टरला फोनवर विचारले होते, "तुम्हाला नाडी मोजता येते, अर्थ लावता येत नाही का?" मी रिसीव्हर दोनदा उचलला आणि दोनदा खाली ठेवला. शेवटी रेसिडेंटला उठवले, त्यानेही आधी सलाइन वाढवून पाहिले, आणि सव्वाचारला फोन झाला. आतून रक्तस्राव होत होता. रुग्ण वाचला, परंतु ती दीड तासाची दिरंगाई माझ्या मनातून अजून गेलेली नाही. जबाबदारी माझीही होती, हे मला मान्य आहे.

म्हणून त्या सर्जनना कोणी सांगणार असेल, तर बोलण्यातील कठोरपणा हा स्वभावाचा प्रश्न म्हणून सांगू नका. त्यांच्यापर्यंत कोणती बातमी किती वाजता पोहोचते, त्याचा हा प्रश्न आहे.

तटस्थ

रात्रपाळी यांचा अनुभव गंभीर आहे आणि त्याबद्दल दुमत नाही. तरीही या प्रस्तावाबद्दल मला शंका आहे, आणि ती मांडली नाही तर चर्चा एकांगी होईल.

मी फिजिशियन आहे. सकाळी वॉर्ड, त्यानंतर दुपारी तीनपर्यंत संपत नाही अशी ओपीडी, मधूनच तातडीचे बोलावणे, आणि आठवड्यातून दोन रात्री जागरण. अशा माणसाला तुम्ही सांगता की तुझे बोलणे सुधार. दमलेला माणूस तुटक बोलतो, यात नवल ते काय? रुग्णालयाने कामाचे तास, मनुष्यबळ आणि ओपीडीची वेळ यांना हात लावायचा नाही, आणि सगळा दोष एका व्यक्तीच्या वर्तनावर टाकून कोच नेमायचा, ही मला पळवाट वाटते. दुसरे म्हणजे, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही असे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. सहा महिन्यांत माणूस वरवरची गोड वाक्ये शिकेल आणि दाब आला की मूळ पदावर येईल.

जागल्या

मी भूलतज्ज्ञ आहे, त्यामुळे सर्जनच्या बोलण्याचा परिणाम रोज शस्त्रक्रियेच्या टेबलावरच्या पडद्याच्या अलीकडून पाहतो. तटस्थ, तुमचा पहिला मुद्दा मला पटतो, दुसरा पटत नाही.

आमच्या शाखेतील प्रत्येकाला २००५ मधील इंग्लंडमधली एक घटना माहीत असावी. एलेन ब्रोमिली या तरुण स्त्रीवर सायनसची साधी, आधी ठरवलेली शस्त्रक्रिया व्हायची होती. भूल दिल्यावर श्वासमार्ग मिळेना. अनुभवी डॉक्टर नळी घालण्याचा प्रयत्न पुन्हा पुन्हा करत राहिले. एका परिचारिकेने गळ्यातून श्वासमार्ग उघडण्याचा संच आणून ठेवला आणि तो तयार आहे असे सांगितले. दुसरीने अतिदक्षता विभागात खाट राखून ठेवायला फोन केला, पण आपण उगीच घाई करतो आहोत असे डॉक्टरांच्या नजरेवरून वाटल्याने तिने ती रद्द केली. म्हणजे काय करायला हवे ते खोलीतल्या काही जणांना कळले होते, परंतु ते निर्णय घेणाऱ्यांपर्यंत पोहोचले नाही. एलेन वाचल्या नाहीत. त्यांचे पती मार्टिन ब्रोमिली हे वैमानिक. त्यांनी कोणाला शिक्षा व्हावी असा हट्ट धरला नाही. विमानाच्या कॉकपिटमध्ये कनिष्ठाला बोलते करण्याचे जे प्रशिक्षण मिळते, तसे रुग्णालयात का नाही, असे विचारले आणि पुढे त्यासाठी संघटना उभी केली.

मला यात सर्वांत बोलका तपशील वाटतो तो हा, की त्या खोलीत कोणी ओरडले नव्हते, कोणी कोणाचा अपमान केला नव्हता. म्हणून नेतृत्वाचे प्रशिक्षण फक्त तापट डॉक्टरांसाठी आहे, असे समजू नये. शांत, सज्जन, आपल्या कामात बुडालेल्या डॉक्टरालाही दुसऱ्याचा आवाज ऐकू न येण्याचा धोका तेवढाच असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेसाठी १९ मुद्द्यांची तपासणी यादी आणली. छेद घेण्याआधी टीममधल्या प्रत्येकाने आपले नाव आणि भूमिका सांगितली आहे का, हा तीत एक मुद्दा आहे. आठ शहरांतील रुग्णालयांत ती यादी वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले आणि मोठ्या गुंतागुंती ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आल्या. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. सगळे श्रेय नाव सांगण्याला देता येणार नाही, पण जिने एकदा स्वतःचे नाव मोठ्याने सांगितले आहे तिला नंतर "थांबा" म्हणणे सोपे जाते, हे मी रोज पाहतो.

अधूनमधून

एक प्राथमिक प्रश्न विचारतो. कोचिंग म्हटले की आपल्याला परीक्षेची शिकवणी आठवते. इथे नेमके काय करतात? व्याख्यान देतात का?

शब्दवेध

अधूनमधून, बरे झाले विचारलेत, कारण या शब्दामुळे अर्धे गैरसमज होतात. मी गेली काही वर्षे डॉक्टरांसोबत हेच काम करते आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

शिकवणारा माहिती देतो. ज्येष्ठ मार्गदर्शक आपल्या अनुभवातून सल्ला देतो. समुपदेशक मनाच्या दुखऱ्या भागाशी काम करतो. कोच यांतले फारसे काही करत नाही. तो तुमचे काम प्रत्यक्ष पाहतो, तुम्हाला स्वतःला न दिसणारे जे असते ते तुमच्यासमोर ठेवतो, आणि पुढच्या वेळी काय वेगळे करून पाहायचे ते तुम्हालाच ठरवायला लावतो. आवाजाची देणगी असलेली नामवंत गायिकासुद्धा आपले गाणे दुसऱ्या जाणत्या कानाकडून तपासून घेते. आपण गातो कसे ते आपल्याला श्रोत्याच्या जागी बसून ऐकता येत नाही.

सर्जन अतुल गवांडे यांनी २०११ मध्ये आपला अनुभव लिहिला होता. आपली प्रगती थांबली आहे असे वाटल्यावर त्यांनी आपले जुने शिक्षक, निवृत्त सर्जन रॉबर्ट ऑस्टीन, यांना ऑपरेशन थिएटरमध्ये येऊन नुसते पाहायला सांगितले. शस्त्रक्रिया उत्तम झाली असे गवांडे यांना वाटत होते. ऑस्टीन यांच्या वहीत मात्र बारीक बारीक गोष्टी भरल्या होत्या. कापड अशा रीतीने अंथरले होते की समोरच्या सहायकाला हात चालवायला जागा उरली नव्हती; कोपर मधूनमधून खांद्याच्या उंचीला जात होते; आणि दिव्याचा झोत जखमेवरून सरकला होता, तरी बराच वेळ ते गवांडे यांच्या लक्षात आले नव्हते. इतक्या निष्णात माणसाला स्वतःच्या डोक्यावरचा दिवा दिसला नाही, तर आपले तुटक वाक्य आपल्याला कसे ऐकू येईल?

प्रत्यक्ष काम साधारण असे चालते. पहिल्या भेटीत गोपनीयतेचे नियम ठरतात. त्यानंतर मी दोन-तीन राऊंड, एखादी ओपीडी आणि नातेवाइकांसोबतची एखादी भेट पाहते, अर्थातच रुग्णाची परवानगी घेऊन. मग आम्ही एकच गोष्ट निवडतो. "संवाद सुधारणे" ही गोष्ट नव्हे. "रेसिडेंट रुग्णाची माहिती सांगत असताना त्याचे वाक्य पूर्ण होईपर्यंत न बोलणे" ही गोष्ट आहे.

आणखी एक स्पष्ट सांगते. छळ, लैंगिक गैरवर्तन, नशेत काम करणे, कागदपत्रांत फेरफार, या गोष्टींवर कोचिंग हा उपाय नाही. तिथे चौकशी आणि कारवाईच हवी. गंभीर नैराश्य असेल तर उपचार हवेत. कोचच्या नावाखाली या गोष्टींवर पांघरूण घालण्याची विनंती मला एकदा झाली होती आणि मी ते काम सोडले होते.

तटस्थ

शब्दवेध, विवेचन आवडले. पण पुरावा काय? गायिकेचे उदाहरण सुंदर आहे, मात्र आपण औषध देताना उदाहरणावर विसंबत नाही.

शब्दवेध

अगदी रास्त अपेक्षा आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये ८८ डॉक्टरांवर केलेली एक यादृच्छिक चाचणी, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट पाडून केलेली तुलना, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या डॉक्टरांना फोनवरून कोचिंगची सहा सत्रे मिळाली, एकूण साडेतीन तास. त्यांचा भावनिक थकवा दुसऱ्या गटाच्या तुलनेत लक्षणीय कमी झाला. रुग्णांना माणूस म्हणून न पाहता केस म्हणून पाहण्याची जी वृत्ती थकव्यातून येते, तिच्यात मात्र ठोस फरक आढळला नाही. मी दोन्ही सांगते, कारण अर्धे सांगणे योग्य होणार नाही.

तटस्थ

प्रामाणिकपणाबद्दल आभार. पण मग हा पुरावा डॉक्टरच्या थकव्याविषयी झाला. परिचारिकेला फोन करताना भीती वाटेनाशी झाली का, याविषयी नाही. माझी शंका पूर्ण फिटलेली नाही. वेळेचा मुद्दाही तसाच उभा आहे. रुग्णाला बोलू दिले तर ओपीडी संध्याकाळपर्यंत संपणार नाही.

जागल्या

वेळेबद्दल मोजमाप झालेले आहे. १९८४ मध्ये बेकमन आणि फ्रँकेल यांनी ७४ भेटींचे ध्वनिमुद्रण तपासले. रुग्णाने सुरुवात केल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडत होते, आणि आपले पहिले म्हणणे पुरे करू शकलेले रुग्ण चौथा हिस्सासुद्धा नव्हते. मग न तोडता ऐकले तर रुग्ण किती वेळ बोलतो? स्वित्झर्लंडमधील एका विद्यापीठाच्या बाह्यरुग्ण विभागात हेही मोजले गेले आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. ३३५ रुग्णांची सरासरी ९२ सेकंद भरली. दर पाचांतले जवळजवळ चार रुग्ण दोन मिनिटांच्या आत स्वतःहून थांबले. ते बोलणे वाया जाणारे नव्हते, असे तिथल्या डॉक्टरांचेच मत होते.

नवा डाव

मी दुसऱ्या वर्षाची रेसिडेंट आहे. इथे सगळे ज्येष्ठ लिहीत आहेत, म्हणून लिहावे की नाही याचा विचार करत होते.

आम्हाला संवादाचे वर्ग झाले आहेत. नाटुकली करून दाखवली, गुणही मिळाले. पण वर्गात शिकलेले वॉर्डात पोहोचेपर्यंत टिकत नाही, कारण आम्ही शिकतो ते सरांना आणि मॅडमना बघून. राऊंडवर सर रुग्णाच्या पायथ्याशी उभे राहून, त्याच्याकडे न बघता, त्याच्या आजाराबद्दल आमच्याशी बोलतात. तीन महिन्यांनी मीही पायथ्याशी उभी राहू लागले. कोणी सांगितले नव्हते. एके दिवशी एका आजोबांनी मला हाक मारून विचारले, "बाई, मघाशी तुम्ही सगळे कोणाबद्दल बोलत होता?" ते त्यांच्याबद्दलच होते.

म्हणून माझी विनंती अशी की कोचिंगची सुरुवात वरून व्हावी. कनिष्ठांना पाठवून काहीही साधणार नाही. मेघमल्हार सर, ज्या दोन रेसिडेंटनी बदली मागितली त्यांनी कारण का दिले नाही, याचाही विचार व्हावा. आमच्या परीक्षेचा आणि पुढच्या शिफारसपत्राचा प्रश्न ज्यांच्या हातात असतो, त्यांच्याविषयी आम्ही कागदावर काही लिहीत नाही.

अनामिक वाचक

मी वैद्यकीय क्षेत्रातील नाही. नातेवाईक म्हणून दोन अनुभव सांगतो, ते उपयोगी पडावेत.

वडिलांच्या कर्करोगाचे निदान आम्हाला लिफ्टसमोर उभे राहून कळले. डॉक्टर घाईत होते, लिफ्टचे दार उघडले होते, आणि दार बंद होऊ नये म्हणून त्यांनी एक पाय आत ठेवला होता. त्यांनी जे सांगितले ते वैद्यकीयदृष्ट्या बरोबरच असणार. मला मात्र फक्त तो पाय आठवतो. नंतर दुसऱ्या एका डॉक्टरांनी आम्हाला खोलीत बसवले, स्वतः बसल्या, फोन उलटा करून ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला: "आतापर्यंत तुम्हाला काय सांगितले गेले आहे आणि तुम्हाला त्यातले काय समजले आहे?" आजार तोच होता, आकडे तेच होते. भेट पंधरा मिनिटांचीसुद्धा नव्हती. वडील गेले त्यालाही आता चार वर्षे झाली, पण आई अजून त्या बाईंचे नाव काढते.

जागल्या

दुसऱ्या डॉक्टरांनी जे केले ते शिकवता येते. २००० मध्ये कर्करोगतज्ज्ञांच्या एका गटाने वाईट बातमी सांगण्याची सहा पायऱ्यांची पद्धत मांडली. स्पाइक्स या नावाने ती ओळखली जाते. जागा आणि बैठक नीट करणे, रुग्णाला काय समजले आहे ते आधी विचारणे, त्याला किती जाणून घ्यायचे आहे ते विचारणे, सोप्या शब्दांत माहिती देणे, त्याच्या भावनेला थांबून प्रतिसाद देणे, आणि पुढची दिशा ठरवणे. बाईंचा पहिला प्रश्न ही त्यातली दुसरी पायरी.

तटस्थ

इथेच माझी भीती आहे. "तुम्हाला किती त्रास होत असेल, हे मी समजू शकतो," हे वाक्य पाठ केलेला डॉक्टर मी पाहिला आहे. तो ते वाक्य संगणकाच्या पडद्याकडे बघत म्हणत होता. त्यापेक्षा गप्प राहिलेला बरा.

पूर्वपक्ष

हा धागा दोन दिवस वाचतो आहे. तटस्थ यांची शंका माझीच जुनी शंका आहे, म्हणून आज लिहायला बसलो.

सहा वर्षांपूर्वी मला कोच घ्यायला सांगण्यात आले. मी हाडांचा सर्जन आहे. वैद्यकीय संचालकांनी मला बोलावून, तक्रारींची फाइल टेबलावर ठेवून, "हे करावे लागेल," एवढेच म्हटले. मला इतका अपमान वाटला की त्या रात्री राजीनामा लिहून ठेवला होता. पहिल्या दोन भेटींत मी घड्याळाकडे बघत बसलो. कोच हे एक निवृत्त बालरोगतज्ज्ञ होते. तिसऱ्या भेटीऐवजी ते माझ्या राऊंडला आले आणि कोपऱ्यात वही घेऊन उभे राहिले.

संध्याकाळी त्यांनी ती वही माझ्यापुढे सरकवली. मत असे त्यात काहीही नव्हते. खाट क्रमांक चार: रेसिडेंटने अकरा शब्द उच्चारले, आपण तोडले. खाट क्रमांक सात: रुग्णाने प्रश्न विचारला, आपण उत्तर रेसिडेंटला दिले. खाट क्रमांक नऊ: सिस्टरने तोंड उघडले, आपण पुढे गेलात, सिस्टरने तोंड मिटले. पूर्ण राऊंडमध्ये माझ्याशी बोलणाऱ्या एकाही माणसाचे वाक्य पूर्ण झालेले नव्हते. मी म्हणालो, वेळ वाचतो. ते म्हणाले, "नऊ नंबरच्या सिस्टरना काय सांगायचे होते, ते विचारून या." मी गेलो. रुग्णाच्या पायाची बोटे सकाळपासून बधिर होत होती. प्लास्टर घट्ट झाले होते. ते वेळेत सैल केले, म्हणून निभावले.

त्या दिवसानंतर माझा विरोध संपला. तटस्थ, त्यांनी मला एकही गोड वाक्य शिकवले नाही. माझ्याकडून एकच गोष्ट करून घेतली: समोरच्याचे संपले की मनात दोन अंक मोजायचे आणि मग बोलायचे. पहिला महिना ते दोन अंक मला दोन तासांसारखे वाटत होते. चौथ्या महिन्यात एका अपघाताच्या रात्री मी पुन्हा सगळ्यांवर ओरडलो, मूळ पदावर आलो, जसे तुम्ही म्हणालात. फरक इतकाच की दुसऱ्या दिवशी सकाळी मी ज्यांच्यावर ओरडलो होतो त्या प्रत्येकाकडे जाऊन माफी मागितली, आणि तसे मी त्याआधी बावीस वर्षांत कधीही केले नव्हते.

साधारण पाचव्या महिन्यात एका सिस्टरनी पहाटे तीन वाजता फोन केला. कारण अगदी क्षुल्लक होते, सकाळपर्यंत थांबता आले असते. माझ्या तोंडून गेले, "बरे झाले फोन केलात." पलीकडे इतका वेळ शांतता होती की मला वाटले फोन कटला.

दोन गोष्टींमुळे हे जमले. कोचनी संचालकांना माझ्याबद्दल अहवाल द्यायला साफ नकार दिला. भेटी झाल्या की नाहीत, एवढेच ते कळवत. आणि ते स्वतः डॉक्टर होते, म्हणून रात्रीच्या जागरणाबद्दल मला त्यांना काही समजावून सांगावे लागले नाही.

रात्रपाळी

पूर्वपक्ष, नऊ नंबरच्या खाटेबद्दल वाचून डोळ्यांत पाणी आले. त्या सिस्टरच्या जागी मी अनेकदा उभी राहिले आहे.

आमच्या बाजूचेही सांगायला हवे. आम्हाला फोनवर मोजके बोलण्याची एसबार ही पद्धत शिकवली आहे: आता काय घडते आहे, पार्श्वभूमी काय, मला काय वाटते, आणि तुमच्याकडून काय हवे. अमेरिकेच्या नौदलातून ती रुग्णालयांत आली. पद्धत चांगली आहे आणि माझे फोन तिच्यामुळे नेमके झाले. पण तिसऱ्या पायरीवर, "मला काय वाटते" हे सांगताना, पलीकडून "तुम्हाला वाटायचे काम नाही" असे ऐकू आले, की परिचारिका पुढच्या वेळी तिसरी पायरी गाळते. म्हणून आम्हाला बोलायला शिकवणे आणि त्यांना ऐकायला शिकवणे, ही दोन्ही कामे एकाच वेळी व्हायला हवीत.

जागल्या

याला जोडून एक अभ्यास आठवला. इस्रायलमध्ये नवजात अर्भकांच्या अतिदक्षता विभागातील २४ टीमना एका सरावात बसवले होते. सराव पाहणाऱ्या एका परदेशी तज्ज्ञाने काही टीमना त्यांच्या कामाशी संबंध नसलेले थोडे अपमानास्पद शब्द ऐकवले. त्या टीमचे निदान आणि हातचे काम, दोन्ही घसरले. एकमेकांना माहिती देणे आणि मदत मागणे कमी झाले. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झाले. तटस्थ, पुरावा मागणाऱ्यांसाठी हे उपयोगी आहे.

तटस्थ

वाचले. पूर्वपक्ष यांच्या वहीची गोष्ट मला कोणत्याही चाचणीपेक्षा अधिक पटली, हे मान्य करतो. माणसाला त्याचे मत बदलायला सांगण्याऐवजी त्याने केलेले त्याच्यापुढे ठेवायचे, ही पद्धत मला आदराची वाटते. कामाच्या तासांबद्दलचा आग्रह मात्र मी सोडणार नाही. मेघमल्हार, तुमच्या त्या सर्जनचे रात्रीच्या ड्यूटीचे वेळापत्रक एकदा काढून पाहा.

मेघमल्हार (धागाकर्ता)

तीन आठवड्यांनी परत येतो आहे. सर्वांचे मनःपूर्वक आभार.

तटस्थ यांच्या सांगण्यावरून वेळापत्रक काढले. गेल्या वर्षात त्या सर्जनच्या वाट्याला इतरांपेक्षा जवळजवळ दीडपट रात्री आल्या होत्या, कारण अवघड रुग्ण आला की आम्ही सगळेच त्यांचे नाव घेतो. ते वाटप माझ्याच सहीने होत होते. ते मी आधी बदलले.

मग त्यांच्याशी बोललो. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठात जेराल्ड हिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पायरीपायरीची पद्धत बसवली आहे. तिची पहिली पायरी म्हणजे सहकाऱ्याने एकांतात, कॉफीच्या निमित्ताने, कोणताही निवाडा न देता केलेले बोलणे. कारवाई सर्वांत वरच्या पायरीवर असते. पूर्वपक्ष यांच्यापुढे ठेवलेली फाइल माझ्या लक्षात होती, म्हणून मी कोणतीही फाइल नेली नाही. रात्रपाळी यांनी लिहिलेली पावणेतीन वाजताची घटना, ती कुठली हे न सांगता, जशीच्या तशी सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर विचारले, "आपल्याकडे असे झाले आहे का?" मी म्हणालो, मला माहीत नाही, आणि माहीत नाही हेच मला भीतिदायक वाटते.

कोचबद्दल त्यांनी एक अट घातली: "आधी तुमच्या राऊंडला वहीवाला माणूस उभा राहू दे." मी मान्य केले. ती अट मला न्याय्य वाटली, आणि नवा डाव यांची मागणीही हीच होती. आता एक व्यावहारिक अडचण आहे. कोच परिचारिकांशी आणि रेसिडेंटशीही बोलणार आहेत. त्यांची नावे उघड होऊ नयेत, पण माहिती तर खरी मिळावी, हे कसे साधावे?

शब्दवेध

एका युनिटमधून निदान आठ-दहा जणांशी बोलावे, म्हणजे कोण काय म्हणाले ते ओळखता येत नाही. उद्धृत वाक्ये देऊ नयेत, वर्तनाचे वर्णन द्यावे. रेसिडेंटशी बोलणे परीक्षेच्या काळात ठेवू नये. आणि एक पूर्वसूचना: काम नीट चालले तर पहिल्या काही महिन्यांत रात्रीचे फोन आणि चुकांच्या नोंदी वाढतील. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांना नव्वदच्या दशकात औषधांच्या चुकांचा अभ्यास करताना हेच आढळले होते. चांगल्या टीममध्ये नोंदलेल्या चुका जास्त होत्या, कारण तिथे चूक सांगायला लोक कचरत नव्हते. व्यवस्थापनाला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते वाढलेला आकडा पाहून काम बंद करतील.

रात्रपाळी

माझी एक सूचना आहे. कोचना सकाळच्या राऊंडसोबत संध्याकाळचा हँडओव्हरही, म्हणजे पाळी बदलताना रुग्णांची माहिती सोपवणेही, पाहू द्या. रात्री कोणाला उठवायचे आणि कोणाला नाही, हे आम्ही तिथेच एकमेकींना सांगतो, आणि ते कोणत्याही वहीत लिहिलेले नसते. परिचारिकांशी बोलायचे असेल तर रात्रपाळी संपताना सकाळी बोलावू नका. तेव्हा आम्ही दमलेल्या असतो आणि "सगळे ठीक आहे" म्हणून सुटतो.

मेघमल्हार (धागाकर्ता)

हँडओव्हरचे मला सुचलेच नसते. संध्याकाळी सातची वेळ कोचना कळवतो. माझा पहिला राऊंड ते येत्या बुधवारी पाहणार आहेत; वहीत काय निघाले ते इथे येऊन लिहीन.